पायथनचा प्रोग्राम छापताना मोकळी जागा खाऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या विद्यार्थी पुरवणीत हल्ली कोडिंग शिकवणारं सदर येतं ते चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचून राग यायला नको. आमच्याकडे तालुक्याच्या गावात पेपर अजून घरोघर येतो आणि पोरं कात्रणं खिशात घालून माझ्या कॉम्प्युटर क्लासला येतात, शहरात बसून हे खरं वाटणार नाही कदाचित. तर मागच्या एका अंकात पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम छापला होता, मधल्या अरुंद कॉलममध्ये, आणि त्याच्या सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटवलेल्या. फॉर कडेला, त्याच्या आतलं कडेला, इफ कडेला, एल्स कडेला, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करावीत तसं सगळं एका रांगेत. एक ओळ लांब झाली म्हणून मोडून खाली घेतली, आणि त्या मोडलेल्या तुकड्याला मात्र थोडी जागा सोडली! म्हणजे हवी तिथे नाही आणि नको तिथे आहे. पोरांनी इमानेइतबारे जसंच्या तसं टाइप केलं आणि लाल अक्षरात उत्तर आलं, इंडेंटेशन एरर, एक्स्पेक्टेड अ‍ॅन इंडेंटेड ब्लॉक, म्हणजे इथे आत सरकवलेला ओळींचा गट हवा होता. मग पोरं म्हणू लागली, सर, पेपरमध्ये चुकीचं कसं छापतील, तुमचाच कॉम्प्युटर बिघडलाय, इथपर्यंत गाडी आली.

तुमच्या डीटीपीवाल्यांना वाटलं असेल की डावीकडची ती जागा शोभेची आहे, परिच्छेद सुरू करताना सोडतात तसली. बाकीच्या बऱ्याच भाषांत ते चालून जातं. सी, सी प्लस प्लस, जावा यात महिरपी कंस असतात, कंस शाबूत असले की जवळजवळ सगळा प्रोग्राम एका ओळीत कोंबलात तरी कंपायलर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) हूं की चूं करत नाही, वाचणाऱ्याचे डोळे दुखतील एवढंच. पायथनमध्ये कंसाचं काम ती मोकळी जागाच करते. कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे हे फक्त त्या जागेवरून कळतं, दुसरी खूणच नाही.

समजा मार्कांची यादी आहे, 40, 50, 60. आधी एकूण म्हणजे शून्य असं लिहिलं (पायथन 3 मध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा साठवायच्या डब्याचं, नाव खरंच देवनागरीत एकूण असं ठेवता येतं, पोरांना हे भारी आवडतं), मग फॉर लूप (यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम परत करणारा), लूपच्या आत एकूणमध्ये मार्क मिळवायचा, आणि शेवटची ओळ, प्रिंट एकूण. ही प्रिंटची ओळ चार स्पेस आत असेल तर स्क्रीनवर 40, मग 90, मग 150 अशा तीन ओळी येतात. तीच कडेला असेल तर लूप संपल्यावर एकदाच 150. दोन्ही प्रोग्राम बरोबर, दोन्हीत एरर नाही, फक्त उत्तर वेगळं. आता तुम्ही सगळंच कडेला छापलंत तर लिहिणाऱ्याच्या मनात यातलं कुठलं होतं हे मी कसं ओळखायचं? बाकीच्या ओळी अंदाजाने आत ढकलता येतात, कारण फॉर किंवा इफच्या ओळीला शेवटी कोलन असतो आणि त्याच्या खाली काहीतरी आत असलंच पाहिजे. पण ब्लॉक संपतो कुठे याची खूण छापील अक्षरात उरतच नाही. बातमीतला स्वल्पविराम गाळला तर वाचक सांभाळून घेतो हो, कॉम्प्युटर नाही घेत.

काही जण म्हणतील भाषाच विचित्र आहे. पण हा प्रकार कुणाच्या लहरीतून आलेला नाही. पायथन बनवणारा गिडो व्हॅन रॉसम हा माणूस अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत आधी एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होता, ती नवशिक्यांसाठी केलेली भाषा आणि तिच्यात असंच जागा सोडून ब्लॉक दाखवायचे, तिथून त्याने ही कल्पना पायथनमध्ये आणली, 1991 मध्ये पायथन लोकांसमोर आलं तेव्हापासून ती आहे. नाहीतरी चांगला प्रोग्रामर कंस असले तरी जागा सोडूनच लिहितो, मग तीच गोष्ट दोनदा कशाला सांगायची, हा त्यामागचा विचार, आणि मला तो पटतो. कंसाची मागणी लोक अजून करतात, त्यावर पायथन बनवणाऱ्यांनी भाषेतच एक गंमत ठेवलीय, फ्यूचर नावाच्या मोड्यूलमधून ब्रेसेस इंपोर्ट करून बघा, पायथन सरळ एरर देतं, नॉट अ चान्स!

पण भाषा समजली तरी पोरं अडकतात ती शेलमध्ये, आणि पुरवणीच्या सदरात त्याबद्दल एक अक्षर येत नाही म्हणून जरा खोलात लिहितो. पायथन दोन तऱ्हेने चालवता येतं. एक म्हणजे फाइल लिहायची, सेव्ह करायची, चालवायची. दुसरं म्हणजे शेल, जिथे तीन बाणांचा प्रॉम्प्ट येतो >>> असा, एक ओळ टाका, एंटर मारा, लगेच उत्तर. फॉर किंवा डेफ (याने फंक्शन, म्हणजे नाव देऊन हवा तेव्हा हाक मारता येणारा कोडचा तुकडा, सुरू होतो) टाकलं की बाणांच्या जागी तीन टिंबं येतात, म्हणजे अजून आतलं काहीतरी यायचंय. आणि संपलं हे सांगायला रिकाम्या ओळीवर एंटर मारावा लागतो. इथेच गोची आहे. फाइलमध्ये रिकाम्या ओळीला काही किंमत नाही, कितीही सोडा. शेलमध्ये तीच रिकामी ओळ म्हणजे ब्लॉक खलास.

त्यामुळे होतं काय की कुणीतरी छान सुटसुटीत फंक्शन लिहिलेलं असतं, मध्ये वाचायला बरं पडावं म्हणून एक ओळ मोकळी सोडलेली, पोरगा ते कॉपी करून शेलमध्ये पेस्ट करतो, शेल त्या मोकळ्या ओळीपर्यंत घेतं, म्हणतं झालं फंक्शन, आणि पुढच्या प्रत्येक ओळीला वेगळी शिवी, अनएक्स्पेक्टेड इंडेंट, अनएक्स्पेक्टेड इंडेंट. त्याहून वाईट म्हणजे अर्धं फंक्शन तयार झालेलं असतं आणि ते चालतं सुद्धा! रिटर्नची, म्हणजे उत्तर परत देणारी, ओळ खालच्या अर्ध्यात राहून गेली तर फंक्शन हाक मारली की येतं, पण हातात काही देत नाही, आणि मग पोरगा तासभर गणितातली चूक शोधत बसतो जी तिथे नाहीच. उलटा प्रकार पण आहे, लूप संपल्यावर रिकामी ओळ न सोडता लगेच कडेला प्रिंट लिहिलं तर फाइलमध्ये झकास चालतं आणि शेलमध्ये सिंटॅक्स एरर. सर फाइलमध्ये चालतंय इथे का नाही, हा प्रश्न दर बॅचला येतो म्हणजे येतोच. यावर साधा उपाय म्हणजे मधल्या मोकळ्या ओळीत नुसतं हॅशचं चिन्ह टाकायचं, ती कॉमेंट झाली, ओळ पूर्ण रिकामी राहिली नाही आणि शेल ब्लॉक तोडत नाही. हे कुठल्या गाइडात छापलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणखी एक, वेबसाइटवरून कॉपी करताना ते तीन बाण पण सोबत येतात आणि साध्या शेलला ते कळत नाहीत. आयपायथन नावाचं सुधारलेलं शेल आहे, फर्नांडो पेरेझने 2001 मध्ये सुरू केलेलं, ते असे चिकटून आलेले बाण काढून टाकतं, आणि त्याच्यात पर्सेंट पेस्ट अशी खास कमांड पण आहे जी क्लिपबोर्डवरचा अख्खा तुकडा एकदम घेते. मोठ्या कॉलेजातली पोरं ज्युपिटर नाहीतर कोलॅब या ब्राउझरमधल्या वह्यांवर शिकतात, तिथे सेलमध्ये, म्हणजे एका चौकटीत, आधी सगळं लिहून मग चालवायचं असतं, त्यामुळे रिकाम्या ओळीची ही भानगड त्यांना माहीतच नसते. मग ती पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर कोड पाठवतात आणि आमची पोरं शेलमध्ये आपटतात.

बरं, पायथनच्याच नव्या व्हर्जनमध्ये हे बरंच सुधारलंय. ऑक्टोबर 2024 मध्ये 3.13 आलं त्यात शेलच नवीन दिलं, वरची बाण-की दाबली की अख्खा ब्लॉक परत येतो आणि त्यात मध्ये जाऊन दुरुस्ती करता येते, जुन्यात एकेक ओळ परत आणून टाइप करत बसावं लागायचं. पेस्ट केलेलं आणि हाताने टाइप केलेलं यातला फरक पण त्याला कळतो. हा फरक महत्त्वाचा का, तर नवं शेल किंवा एडिटर तुमच्यासाठी आपोआप जागा सोडतं, आणि पेस्ट केलेल्या कोडमध्ये जागा आधीच असते, दोन्हीची बेरीज होऊन प्रत्येक ओळ आणखी आणखी उजवीकडे सरकत जिना तयार होतो. विम नावाचा एडिटर वापरणाऱ्यांना हा जिना जुना ओळखीचा, त्यासाठीच सेट पेस्ट ही कमांड. आता टर्मिनलच (शेल ज्या खिडकीत चालतं ती) पेस्टच्या आधी आणि नंतर खूण पाठवतं, की एवढं पेस्ट आहे बाबा, यात हात घालू नको. जिथे टर्मिनलला ते जमत नाही तिथे 3.13 मध्ये एफ 3 दाबून पेस्ट मोडमध्ये जायचं.

पण आमच्यासारख्या ठिकाणी हे येणार कधी? लॅबमधली मशीनं विंडोज 7 वर आहेत, दान आलेली, जुन्या बँकेच्या नाहीतर ऑफिसच्या. विंडोज 7 वर पायथन 3.8 च्या पुढचं चालत नाही, 3.9 पासून त्यांनी ते सोडूनच दिलं. आणि 3.8 चे अपडेट बंद झाले तेही ऑक्टोबर 2024 मध्येच, म्हणजे ज्या महिन्यात जगाला नवं शेल मिळालं त्याच महिन्यात आमचं जुनं रिटायर झालं. एरर मेसेज पण 3.10 पासून शहाणे झालेत, अमुक ओळीवरच्या फॉर नंतर ब्लॉक हवा होता असं नीट सांगतात, 3.8 नुसतं म्हणतं ब्लॉक हवा होता, शोधा तुम्ही.

शाळा-कॉलेजात बहुतेक आयडलच वापरतात, पायथनसोबत फुकट येणारं एडिटर आणि शेल ते. त्याच्या जुन्या शेलमध्ये जो सापळा आहे तो तुम्हाला डोळ्यापुढे आणून देतो. पहिल्या ओळीला तीन बाण आणि एक स्पेस, त्यानंतर इफ. म्हणजे इफ दिसताना चार घरं आत दिसतो, पण पायथनच्या हिशोबात तो कडेलाच आहे, बाण काही तुमच्या कोडचा भाग नाहीत. आता एल्स लिहायचाय. एल्स इफच्या बरोबर खाली यायला हवा असं आपणच शिकवलेलं, मग पोरगी शहाण्यासारखी चार स्पेस देऊन एल्स इफच्या खाली आणते, दिसायला अगदी सुरेख, आणि एरर, अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल. त्या शेलमध्ये एल्स पार डाव्या कडेला, बाणांच्या खाली टाकावा लागतो, दिसायला वाकडा पण तोच बरोबर. कारण आयडलचं जुनं शेल खालच्या ओळींना तीन टिंबं दाखवतच नव्हतं. नंतर त्यांनी बाण आणि टिंबं बाजूच्या वेगळ्या पट्टीत नेली आणि टॅबऐवजी चार स्पेस केल्या, तेव्हा कुठे दिसतं तेच खरं असं झालं. पण जुन्या मशीनवर जुनंच. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगतो, आयडलच्या शेलमध्ये एक-दोन ओळींची गणितं करा, इफ-एल्स आला की न्यू फाइल.

टॅब आणि स्पेसबद्दल थोडक्यात. टॅब हे एकच अक्षर, त्याची रुंदी एडिटर ठरवतो, नोटपॅडमध्ये आठ घरं, दुसरीकडे चार. त्यामुळे एक ओळ टॅबने आणि दुसरी स्पेसने आत नेली तर एका मशीनवर सरळ रेषेत दिसतात आणि दुसऱ्यावर वाकड्या. जुनं पायथन 2 टॅब म्हणजे आठ घरं धरून निभावून न्यायचं, पायथन 3 असा गोंधळ दिसला की सरळ टॅब एरर देतं, आणि ते चांगलंच आहे, चुपचाप चुकीचं चालण्यापेक्षा बोंबललेलं बरं. पायथनवाल्यांचा स्वतःचा नियम चार स्पेसचा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये व्ह्यू मेनूतून स्पेस आणि टॅब डोळ्यांना दिसतील असं करता येतं, स्पेस म्हणजे टिंब आणि टॅब म्हणजे बाण, व्हीएस कोडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात स्पेसेस 4 असं लिहिलेलं असतं तिथे क्लिक केलं की सगळ्या फाइलचे टॅब स्पेसमध्ये बदलून मिळतात.

तिसरा शत्रू वर्ड आणि पीडीएफ. पीडीएफमधून कॉपी केलं की पुष्कळदा डावीकडची जागा गायबच होते. वर्डमधून किंवा काही वेबसाइटवरून जागा येते, पण ती साधी स्पेस नसते, न तुटणारी स्पेस म्हणून एक वेगळंच अक्षर असतं, दिसायला हुबेहूब तीच. नवं पायथन निदान सांगतं की न दिसणारं चुकीचं अक्षर आलंय, जुनं नुसतं इनव्हॅलिड कॅरेक्टर म्हणतं आणि पोरगं स्क्रीनकडे बघत बसतं, कारण तिथे काही दिसतच नाही! तुमच्या पेपरात पण अवतरणचिन्हं गोल वळणाची होतात, सॉफ्टवेअर आपोआप करतं ते, बातमीत शोभतात, पण पायथनला सरळ उभी लागतात. कात्रणावरून टाइप करणारा ती सरळच टाइप करतो म्हणून वाचतो, पण ई-पेपरवरून कॉपी करणाऱ्याची पंचाईत.

आता परीक्षेचं. सीबीएसईच्या बारावीला कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन आहे, लेखी पेपर 70 मार्कांचा, आणि तो पेनाने कागदावर लिहायचा. डिप्लोमा, बीएस्सीला पण तेच. विचार करा, ज्या भाषेत जागेला अर्थ आहे ती आडव्या रेघांच्या उत्तरपत्रिकेवर हाताने लिहायची, आणि फंक्शन अर्ध्यात असताना पान संपतं, पुढच्या पानावर पोरगं कुठून सुरू करणार तर समासाला चिकटून. तपासणाऱ्याने मग लूपच्या आत धरायचं की बाहेर? मी पोरांना सरावाला गणिताची चौकटीची वही घ्यायला लावतो, एक चौकट म्हणजे एक अक्षर, आत जायचं तर चार चौकटी सोडायच्या, आणि पान उलटलं की पेन्सिलने आधी उभी बारीक रेघ मारून घ्यायची, मागच्या पानावर ब्लॉक जिथे होता तिथे. महिनाभरात हाताला सवय लागते. उत्तरपत्रिकेत चौकटी नसतात पण अंदाज बसलेला असतो. बोर्डाने पायथनच्या पेपरला चौकटीची एक पुरवणी दिली तर काय बिघडणार आहे मला कळत नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला एका पालकांनी विचारला होता. तर एनव्हीडीए हा फुकटचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आहे, त्याच्या सेटिंगमध्ये ओळीची डावीकडची जागा बोलून सांगायची किंवा सूर वाजवून सांगायची सोय आहे, ओळ जितकी आत तितका सूर बदलतो. म्हणजे डोळ्यांनी न दिसणाऱ्यापर्यंत ती जागा पोचवायची काळजी कुणीतरी घेतलीय, आणि छापणाऱ्याला ती पुसायला एक क्लिक पुरतो.

तर तुमच्याकडे मागणं एवढंच. कोड छापाल तेव्हा तो दोन्ही कडांना ताणून बसवू नका, डावीकडून सरळ सोडा, आणि टाइपरायटरसारखा समान रुंदीचा फॉन्ट वापरा, त्यात आठ आणि चार स्पेसमधला फरक डोळ्याला दिसतो. कॉलम अरुंद असेल तर कोडला दोन कॉलमची रुंदी द्या, नाहीतर लेखकाला ओळी छोट्या करायला सांगा, ओळ मध्येच मोडू नका. हे फाइलमध्ये लिहायचंय की शेलमध्ये, ते वर एका वाक्यात छापा. अवतरणचिन्हं सरळ ठेवा. जमलंच तर शेजारी क्यूआर कोड टाकून मूळ फाइल द्या. आणि त्या कात्रणातल्या प्रोग्रामची शेवटची प्रिंटची ओळ लूपच्या आत होती की बाहेर, ते लेखकाला विचारून पुढच्या अंकात शुद्धिपत्र द्या.

पत्र लांबलं, तुमच्या नेहमीच्या जागेत बसणार नाही हे कळतंय, हवं तिथे कापा, फक्त शेलमधल्या रिकाम्या ओळीचा आणि आयडलच्या एल्सचा भाग राहू द्या कारण तो पोरांच्या उपयोगाचा आहे. आणि कोड असलेल्या पानाचं प्रूफ कुणाला दाखवायचं असेल तर मला पाठवत जा, दुपारी क्लास नसतो तेव्हा बघून संध्याकाळच्या आत परत करीन, मानधन वगैरे नको.

कळावे,
आपला,
कॉम्प्युटर क्लासवाला एक वाचक, बार्शी